चार बाजू पुरत नाहीत

शेताच्या चारही बांधांची लांबी मोजायची, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही क्षेत्र काढण्याची रीत गावोगाव चालते. भावाभावांत वाटणी करताना, नांगरटीचे पैसे ठरवताना, खंडाचा व्यवहार करताना हीच वापरली जाते. ही रीत चुकीची आहे आणि ती नेहमी एकाच दिशेने चुकते. शेत तंतोतंत काटकोनी नसेल, तर क्षेत्र असते त्यापेक्षा जास्तच दाखवते.

उदाहरण घेऊ. समोरासमोरचे दोन बांध १०० फुटांचे आणि दोन ८० फुटांचे आहेत. रीतीप्रमाणे क्षेत्र आले ८,००० चौरस फूट. शेताचे कोपरे काटकोनात असतील तर हे बरोबर आहे. पण तेच चार बांध तिरके झाले, एक कोन ६० अंशांचा झाला, तर क्षेत्र ६,९२८ चौरस फूटच भरते. १,०७२ चौरस फूट गेले कुठे? गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन कागदावर आहे आणि शेतात नाही. बांधांची लांबी मात्र इंचभरही बदललेली नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त याच मुद्द्यावर फार कडक भाषा वापरली आहे. कर्ण किंवा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्र विचारणारा पिशाच म्हणावा, आणि त्याला उत्तर देणारा त्याहून मोठा, असा त्यांचा अभिप्राय आहे. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही, हे त्यांना वाचकाच्या मनावर ठसवायचे होते. आजही भूमापन शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगावी असे मला वाटते.

चार बाजूंच्या जोडीला एक कर्ण मोजला की शेताचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला हलायला जागा नसते. तीन बाजू ठरल्या की आकार ठरला. कितीही वेडेवाकडे शेत असले तरी त्याचे त्रिकोण पाडता येतात. प्रत्येक त्रिकोणाचा पाया आणि लंब यांच्या गुणाकाराचे निम्मे करायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. घरी आलेखाच्या कागदावर प्रमाण धरून, समजा १ सेंटिमीटरला १० फूट, हा आकार कंपासने काढता येतो.

इथे एक पायरी लोक गाळतात. क्षेत्रासाठी एक कर्ण पुरतो, तरी दुसराही मोजावा. वरच्या तिरक्या शेतात आखूड कर्ण सुमारे ९१ फूट ८ इंच आहे. चार बाजू आणि हा कर्ण घेऊन कागदावर आकृती काढली तर लांब कर्ण सुमारे १५६ फूट यायला हवा. शेतात टेप लावल्यावर तो १५०च भरला, तर सहांपैकी कुठले तरी माप चुकले आहे. टेपला गाठ पडली असेल, खुंटी सरकली असेल किंवा लिहिताना ८० चे ८६ झाले असेल. दुसऱ्या कर्णाने क्षेत्रात काही भर पडत नाही, पण आधीच्या पाच मापांवर विश्वास ठेवायचा की नाही हे तो सांगतो. मोजणीची सगळी विद्या मला या सहाव्या मापात दिसते. ज्या मापाला पडताळा नाही ते माप नव्हे, अंदाज आहे. पुढे जमिनीच्या उंचसखलपणाकडे आणि पाण्याकडे वळलो तरी हेच सूत्र हातात राहील.

आपल्याकडची जुनी सरकारी मोजणी याच त्रिकोणांवर उभी आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी पुणे भागात केलेली मोजणी आणि सारा-आकारणी इतकी सदोष निघाली की ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते, म्हणजे एक आणा सुमारे २ फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट का, याचे उत्तर या साखळीत आहे.

साखळीचा जोडीदार शंकू. दांड्यावर बसवलेल्या लाकडी ठोकळ्याला एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी, इतकेच हे साधन. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पायाची रेषा आखायची आणि तिच्यावरून शंकू घेऊन चालायचे. एका फटीतून रेषेची दोन्ही टोके दिसत असताना दुसऱ्या फटीतून बाजूचा कोपरा दिसला, की तिथे थांबायचे. तिथून कोपऱ्यापर्यंतची रेषा म्हणजे त्या कोपऱ्याचा लंब. पायावरचे अंतर आणि लंबाची लांबी साखळी-आण्यांत टिपायची. भूमी अभिलेख कार्यालयात मिळणाऱ्या जुन्या ‘टिपण’ उताऱ्यावर हीच मापे असतात. टिपणाची आकृती प्रमाणात नसते, त्यामुळे तिच्यावर पट्टी ठेवून काही निष्पन्न होत नाही. आकडे वाचूनच आकृती पुन्हा काढावी लागते. आपल्या गटाचे टिपण मिळाले तर एकदा तरी ती काढून बघावी.

सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. दोन्ही इतके जवळ की बोलताना एकच धरले जातात, पण शंभर गुंठ्यांवर सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो. क्षेत्र जुळवताना पोटखराबा धरला आहे की नाही हेही पाहावे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्वतः केलेली मोजणी समजुतीसाठी आणि नियोजनासाठी आहे. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे रीतसर अर्ज करून भूकरमापकाकडूनच मोजणी करून घ्यावी लागते.

उतारावर आणखी एक पेच येतो. नकाशातले आणि सातबाऱ्यातले अंतर हे आडवे अंतर असते, जमिनीला चिकटून मोजलेले नव्हे. १०० फुटांत २० फूट चढ असलेल्या डोंगरकडेच्या शेतात टेप जमिनीवर टाकली तर आडव्या १०० फुटांना ती सुमारे १०२ फूट दाखवते. म्हणून उतारावर टेप लहान लहान टप्प्यांत आडवी ताणतात आणि वर धरलेल्या टोकापासून ओळंबा सोडून त्याचा बिंदू जमिनीवर घेतात. पायऱ्या उतरल्यासारखे हे काम चालते. ओळंबा थरथरत असताना घाईने खूण करू नये, एवढे पथ्य पाळले तर दोन माणसे आणि एक टेप यांनी बरेच बिनचूक माप मिळते.

मोबाइलचा जीपीएस घेऊन शेताला फेरी मारली की क्षेत्र दाखवणारी अॅप आहेत. मोकळ्या जागीसुद्धा साध्या मोबाइलचा बिंदू काही मीटर इकडेतिकडे पडतो. एक एकराच्या चौरस शेताची बाजू ६३ मीटरच्या थोडी वर असते. एक बांध पाच मीटर बाहेर सरकला तर तीन गुंठे वाढले. भूमी अभिलेख खात्याकडे आता जे रोव्हर यंत्र आले आहे ते सेंटिमीटरांत माप देते. जागा अचूक माहीत असलेल्या एका पक्क्या केंद्रावर तेच उपग्रह किती चुकीची जागा दाखवतात हे सतत पाहिले जाते आणि ती चूक रोव्हरच्या मापातून वजा होते. इथेही पडताळाच कामाला येतो.

आता उंचीकडे. आडवे अंतर डोळ्याला थोडेफार कळते, पण उतार कळत नाही. टेकडीवर उभे राहिल्यावर मागचा डोंगर, तिरकी झाडे, पायवाटेचे वळण नजरेला फसवतात आणि पाणी ज्या बाजूला जाईल असे छातीठोकपणे वाटते त्याच्या उलट जाते. समपातळीत चर खणायचा असेल तर ही फसगत महागात पडते. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि ५० मीटर लांब चर ९,००० लिटर पाणी धरतो. पण आखणी चुकून एक टोक दुसऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली गेले, तर वरच्या टोकाला पाणी उभेच राहत नाही. चरात ४,५०० लिटर मावते आणि उरलेले सगळे खालच्या टोकावरून एकाच जागी ओसंडते. तिथली माती जाते आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ तयार होते. पाणी अडवायला खणलेला चरच माती वाहून नेऊ लागतो. ५० मीटरला ३० सेंटिमीटर म्हणजे शंभराला साठ सेंटिमीटर, आणि एवढा उतार कुणाच्याही नजरेला दिसत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय ए-फ्रेम. माणसाच्या उंचीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, खाली पाय फाकवायचे, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यापासून दगड बांधलेली सुतळी सोडायची. दोन्ही पाय एका पातळीत असतील तेव्हा सुतळी पट्टीवर एका ठरावीक जागी येते. ती जागा कुठली? पट्टीच्या मध्यावर खूण केली तर चूक होण्याचा संभव आहे, कारण एक बांबू बोटभर लांब असतो, बांधणी थोडी तिरकी असते.

खरी खूण शोधायची युक्ती फार सुंदर आहे. जमिनीत दोन खुंट्या ठोकून त्यांच्यावर फ्रेमचे दोन पाय ठेवायचे. खुंट्या समपातळीत असण्याची काहीही गरज नाही. सुतळी स्थिर झाली की पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची. मग फ्रेम फिरवून डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर ठेवायचा आणि दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करायची. तीच समपातळीची खूण. पहिल्या वेळी सुतळी सरकली ती दोन कारणांनी, जमिनीच्या उतारामुळे आणि फ्रेमच्या वाकडेपणामुळे. फ्रेम फिरवल्यावर तिचा वाकडेपणा तिच्याबरोबर फिरला, पण जमिनीचा उतार पट्टीवर उलट बाजूला पडला. मध्य काढल्यावर उतार पूर्ण वजा झाला आणि उरला तो फक्त या फ्रेमचा स्वतःचा वाकडेपणा. तो आता खुणेतच सामावला आहे. वाकडी फ्रेम सरळ माप देऊ लागते. थिओडोलाइटसारख्या महागड्या यंत्रातही दुर्बीण उलटी करून दुसरे वाचन घेतात, ते याच कारणासाठी. साधने बदलली तरी यंत्राची चूक यंत्राकडूनच वदवून घ्यायची रीत बदललेली नाही.

मग हीच फ्रेम उतारावर पावले टाकत न्यायची. एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली करत सुतळी खुणेवर आणायची, तिथे खुंटी ठोकायची, पुढचे पाऊल टाकायचे. खुंट्यांची रांग म्हणजे समपातळी रेषा. तिच्यावर फक्की मारली की खणणाऱ्यांना ओळ मिळाली.

लांब पल्ल्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी अधिक बरी. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन पट्ट्यांना नळीची दोन टोके बांधली की झाला हायड्रोमार्कर. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. त्या काळात हे नाव गावागावांत पोचले. दोन्ही टोके उघडी असली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत थांबते. जी पट्टी सखल जागी असेल तिच्यावर आकडा मोठा येतो. दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या केल्यावर दोन्हींवर ८० वाचले असेल, आणि मग एकीवर ९२ व दुसरीवर ६८ आले, तर दोन जागांत २४ सेंटिमीटरचा फरक आहे. आता ९२ आणि ६८ यांची बेरीज करा. १६० आली, म्हणजे सुरुवातीच्या ८० आणि ८० इतकीच. नळीतले पाणी तेवढेच असल्यामुळे एकीकडे जितके चढते तितकेच दुसरीकडे उतरते. बेरीज बदलली तर पाणी सांडले आहे, नळी दबली आहे, आत हवेचा बुडबुडा अडकला आहे किंवा कुणी आकडा चुकीचा वाचला आहे. अशा वेळी तिथेच थांबून पुन्हा वाचावे. बुडबुडा सगळ्यात वाईट, कारण तो असताना दोन्हीकडचे पाणी एका पातळीत येत नाही आणि वरून सगळे ठीक दिसते. नळी भरताना ती संथपणे भरावी, मग पूर्ण लांबी उजेडात धरून नजर फिरवावी.

डम्पी लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राचे काम वेगळे वाटले तरी हिशोब सोपा आहे. पक्क्या जागी, समजा शाळेच्या पायरीवर, १०० मीटर उंची मानायची. तिथल्या पट्टीवर १.२५० वाचले तर दुर्बिणीची उंची १०१.२५०. पुढच्या जागी २.१०० वाचले तर ती जागा ९९.१५०. असे करत गाव फिरून पुन्हा शाळेच्या पायरीवर यायचे. उत्तर पुन्हा १०० यायला हवे. जितका फरक पडेल तितकी वाटेत चूक झाली. देशभराच्या उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ सालची समुद्रसपाटी पायाभूत धरली. ती मुंबई आणि कारवारसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवलेली होती. मोठे आधी आणि अचूक ठरवायचे, मग त्यात लहान बसवायचे, हा सर्वेक्षणाचा जुना नियम आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून देशभर त्रिकोणांची साखळी विणायला घेतली ती याच नियमाने. हे काम चालू असतानाच १८२३ साली ते आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले.

पाण्याची मोजणी जमिनीच्या मोजणीइतकीच हातात येणारी आहे, पण ती करणारे फार थोडे. पावसाचे गणित तर तोंडी आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, आणि हेक्टरला १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पडला तर ५०० कोटी लिटर पाणी आभाळातून आले. ओढ्याचा प्रवाह मोजायला सरळ वाहणारा १० मीटरचा भाग निवडावा आणि अर्धी भरलेली बाटली सोडावी, कारण रिकामी बाटली वारा ढकलतो. ती २० सेकंदांत पोचली तर पृष्ठाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाला पाणी हळू वाहते म्हणून सरासरीसाठी ०.८५ ने गुणायचे. ओढा दीड मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे १२७ लिटर, तासाला साडेचार लाख लिटर. बाटली एकदा सोडून भागत नाही, निदान तीन-चारदा सोडावी.

विहिरीचे पाणी आपण परसांत किंवा मोटारीच्या तासांत सांगतो. “पाच एचपी चार तास चालते” हे वाक्य उपयोगी आहे, फक्त त्याचे लिटर करायला हवेत. पाइपाखाली २०० लिटरचे बॅरल ठेवून ते किती सेकंदांत भरते हे पाहावे. ४० सेकंद लागले तर तासाला १८,००० लिटर, चार तासांना ७२,०००. हाच आकडा दुसऱ्या वाटेने तपासता येतो. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,२७० लिटर. चार तासांत पातळी अडीच मीटर उतरली तर ती सुमारे ७०,७०० लिटरांची घट झाली. बॅरलचा हिशोब याच्यापेक्षा जितका जास्त, तितके पाणी उपसा चालू असताना झऱ्यांनी आत आणले. मोटार बंद केल्यावर पातळी तासागणिक किती चढते ते पाहिले की विहिरीची आवक कळते. कठड्यावर एके ठिकाणी ऑइलपेंटने खूण करावी आणि दर वेळी तिथूनच, पहाटे मोटार सुरू होण्याआधी टेप सोडावी. टेपच्या टोकाला खडू फासला तर ती कुठवर भिजली हे स्पष्ट दिसते. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची पातळी मिळाली.

या पातळीचा अर्थ खडकावर अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या सुमारे चार पंचमांश भागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यांत. अशा खडकातून मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोनेक टक्केच धरतात. म्हणजे एक हेक्टर शिवारात भूजल एक मीटर उतरले तर हाती येते २०० घनमीटर, दोन लाख लिटर. विहिरीत तीन मीटर पाणी चढलेले पाहून मन भरून येते, पण त्या तीन मीटरमागे दर हेक्टरला सहा लाख लिटरच आहेत. गव्हाला हंगामात ४०० मिलिमीटर पाणी धरले तर एका हेक्टरला ४० लाख लिटर लागतात. म्हणजे एक हेक्टर गहू जवळजवळ सात हेक्टरांखालचे पाणी घेतो. हरभऱ्याला साधारण निम्मे पुरते.

हिवरे बाजारसारखी गावे पावसाच्या नोंदीवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात ती याच हिशोबाने. तुमच्या गावात तो मांडायचा असेल तर पर्जन्यमापकाची नोंद पहिल्या पावसापासून ठेवा. शिवाराच्या माथ्यावरची, मधली आणि पायथ्याची अशा निदान तीन विहिरी निवडा. त्यांची पातळी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर घ्या. दोन्हींतल्या फरकाची तिन्ही विहिरींची सरासरी शिवाराच्या क्षेत्राने आणि ०.०२ ने गुणा. त्यातून आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी वजा करा. उरलेला आकडा रब्बीच्या पेरणीआधी, ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फळ्यावर लिहा आणि त्याशेजारी कोण किती गहू पेरणार ते मांडा.